बेचाळिसावा पेला

सरावबाई म्हणजे खऱ्या बाई नव्हेत, हे शाळेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खऱ्या बाईंना टेबल असतं, कपाटाची किल्ली असते, दारावर नाव असतं. सरावबाईला असते पाठाच्या टाचणांची वही, आणि मागच्या बाकावर बसून तिच्या चुका टिपणारं कुणीतरी. आमची सरावबाई तेवीस वर्षांची. अध्यापक विद्यालयानं तिला घरापासून दिवसभराच्या प्रवासावरच्या शाळेत सहा महिने शिकवण्याच्या सरावासाठी धाडलं होतं. खोली मिळाली इस्त्रीवाल्याच्या दुकानावर. अकरा आठवड्यांत मुलं तिला ‘बाई’ म्हणाली, वर्गशिक्षिका ‘अहो’ म्हणाल्या, घरमालकीण ‘वरची मुलगी’ म्हणाली. नावानं हाक कुणी मारली नाही, एकदासुद्धा नाही.

बरं, रविवारी तरी? चर्चच्या दारात एक म्हातारे गृहस्थ हात मिळवायला उभे असत. पहिल्या रविवारी म्हणाले, “नवीन दिसता! पुन्हा या हं.” ती पुन्हा गेली. दुसऱ्या रविवारी तेच. दहाव्या रविवारीही म्हातारबुवांचं आपलं “नवीन दिसता!” आता हसावं की रडावं? उपासनेत पाळकसाहेब वहीतून नावं वाचत. अमक्याचं ऑपरेशन, तमकीची परीक्षा. सगळी मंडळी डोळे मिटून त्यांच्यासाठी प्रार्थना करी. त्या वहीत नाव यायचं तर आपल्या आधीच्या चर्चचं पत्र लागतं. तिच्या गावाकडचे पाळक मनानं सोनं, पण पत्र लिहायचं म्हटलं की आज लिहितो, उद्या लिहितो. पत्र काही आलं नाही. एकदा उठून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मागून घेतलेली प्रार्थना तिच्या घशाखाली उतरत नव्हती.

स्वतःची प्रार्थना मात्र तिनं सोडली नव्हती. आई जाण्यापूर्वी सांगून गेली होती, “ज्याच्यासाठी सकाळी गुडघे टेकलेस, त्याच्यावर दुपारी हात उगारता येत नाही.” म्हणून हजेरीपटावरून उतरवून घेतलेला कागद पुढ्यात धरून ती रोज पहाटे वर्गातल्या एकेचाळीस मुलांची नावं क्रमानं घेई. खाली इस्त्रीवाला कोळसे फुलवायला लागे तोवर तिची अठ्ठावीस नावं झालेली असत. वर्गातही प्रश्न विचारायचे ते त्याच क्रमानं, म्हणजे कुणावर अन्याय नको.

पण माणूस नुसत्या धर्मानं किती दिवस तग धरणार? अकराव्या आठवड्यात तिनं वडिलांना पत्र लिहिलं. ‘बाबा, मी परत येते. मला हे जमणार नाही.’ पत्र टाचणवहीत ठेवलं. त्याच आठवड्यात परीक्षकांसमोर पाठ होता. पाठ चांगला झाला तर राहीन, फसला तर संध्याकाळी पत्र पेटीत, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

पाठ होता बियाण्याला मोड कसा येतो याचा. तिनं रात्रीच एकेचाळीस कागदी पेले मांडले, प्रत्येकात ओला कापूस, दोन भिजवलेले वालाचे दाणे आणि पेल्यावर मुलाच्या नावाची चिठ्ठी. एक जास्तीचा पेला स्वतःला, दाखवायला. त्यावर ‘बाई’.

पाठ असा काही रंगला की विचारू नका. पेले वाटून झाले, मुलं कापसात नाकं खुपसून बसली. तेवढ्यात मागून परीक्षकांचा आवाज आला. “बाळ, तुझा पेला कुठाय?”

त्यांच्या शेजारी, शेवटच्या बाकावर, एक मुलगी रिकामे हात मांडीवर ठेवून बसली होती.

तीन आठवड्यांपूर्वी आली होती ती. आधीच्या शाळेचा दाखला पोचला नव्हता, म्हणून पटावर नाव नव्हतं. सरावबाईला ती दिसली नव्हती असं नाही हो, रोज दिसत होती. पण कागदावर नव्हती, म्हणून प्रश्नात नव्हती, आणि पहाटेच्या प्रार्थनेतही नव्हती. दहा रविवार जे आपल्या वाट्याला आलं म्हणून ही डोळे पुसत होती, तेच हिनं या पोरीला तीन आठवडे दिलं होतं. सरावबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

उजळणीसाठी म्हणून सहाच मिनिटं उरली होती. ती सरळ मागे गेली, खाली बसली.

“नाव काय तुझं?”

पोरगी पुटपुटली.

“मोठ्यानं सांग. सगळ्यांना कळू दे.”

नाव सांगून झालं. सरावबाईनं स्वतःच्या पेल्यावरची चिठ्ठी काढली, नवी लिहिली, चिकटवली आणि पेला तिच्या हातात दिला. “माझं चुकलं,” ती म्हणाली. बाई चुकतात हेच मुलांना नवीन होतं. तेवढ्यात घंटा झाली.

परीक्षकांनी शेरा लिहिला: ‘उजळणी व गृहपाठ राहिला. नियोजन कच्चे.’ गुण काठावरचे. झालं! वर्गशिक्षिका म्हणाल्या, “अहो, तो पेला नंतर दिला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?”

शाळा सुटल्यावर ती रिकाम्या वर्गात फळा पुसत होती. पत्र वहीतून वर डोकावत होतं. जाता जाता पेटीत टाकायचं, बस.

दारात ती मुलगी उभी. तळहातावर बाटलीचं झाकण.

“बाई, तुमच्याजवळ आता पेला नाही ना? माझ्यात दोन दाणे होते. एक तुमचा.”

झाकणात चिमूटभर कापूस, त्यावर दाणा. झाकणाच्या कडेला चिकटवलेल्या कागदावर वाकड्या अक्षरात सरावबाईचं नाव. वडिलांच्या नावासकट, पुरतं.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“ऑफिसातल्या शिपाईकाकांनी. माझा दाखला आला का ते विचारायला रोज जाते ना मी. आज तुमचं नाव विचारलं.”

पोरगी पळाली. सरावबाईनं ते नाव मोठ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग खऱ्या बाईंच्या खुर्चीवर बसून पोटभर रडली.

झाकणातून पाणी गळत होतं. धरायला काही हवं, म्हणून तिनं वहीतलं पत्र काढलं, चार घड्या केल्या आणि झाकण त्यावर ठेवून रस्त्याला लागली. पेटी आली, गेली. खोलीवर पोचेतो पत्रातलं एक अक्षरही वाचण्याजोगं उरलं नाही. झाकणावरचं नाव मात्र तिनं अंगठ्यानं झाकून कोरडं ठेवलं होतं.