काड्या बघायची सहल

"मार्चमध्येच जायचं. द्राक्षांचा सीझन तेव्हाच असतो," प्रशांत म्हणाला आणि मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

मी दोह्याला लागून असलेल्या अल रय्यानमधल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात आयटिनररी बनवते, म्हणजे कुठल्या दिवशी कुठे जायचं, कुठे राहायचं, ते ठरवते. प्रशांत निफाडचा, इथे दोह्यात गॅस कंपनीत इंजिनिअर. त्याचे वडील, अण्णा, पहिल्यांदाच इकडे येणार होते. हा विमानप्रवास पहिला आणि शेवटचा, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. जन्मभर द्राक्षबाग सांभाळलेल्या या माणसाला एकदा जॉर्जियातलं वाइनचं जुनं गाव दाखवावं, ही प्रशांतची फार इच्छा. तिथे अजूनही जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत वाइन मुरवतात. अण्णा वाइनच्या थेंबालाही शिवत नाहीत, तेव्हा आयटिनररीत 'द्राक्षांचं गाव' असं लिहा, हेही त्याने हळूच सांगितलं.

मार्चमध्ये द्राक्षं निफाडला असतात. जॉर्जियात ती सप्टेंबरअखेर पिकतात. मार्चमध्ये तिथे नुसत्या काड्या. प्रशांतला पटेना. मग मी त्याला उघड्याबोडक्या बागांचे फोटो दाखवले, तेव्हा त्याचा चेहरा पडला, तरी तो मार्चच म्हणत राहिला. माझे बॉस केरळचे. गिऱ्हाईकाशी वाद घातलेला त्यांना खपत नाही.

"क्लायंट को मार्च चाहिए तो मार्च दो. यल्ला, खलास करो," ते म्हणाले. यल्ला म्हणजे इकडच्या अरबीत 'चला, आटपा'.

पण माझी खोड अशी की चुकीची तारीख माझ्या हातून टाइपच होत नाही. म्हाताऱ्या माणसाची एकुलती एक सहल, ती काय काड्या बघण्यात घालवायची? मी हट्टाने सप्टेंबरचं हॉटेल होल्डवर टाकलं. होल्ड म्हणजे पैसे न भरता जागा धरून ठेवणं.

दुसऱ्या दिवशी प्रशांतने ऑफिसात बसूनच अण्णांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि माझ्या हातात दिला.

"ताई, सप्टेंबरात नाही जमायचं," अण्णा म्हणाले. "तेव्हा आमची छाटणी. ती चुकली की वर्ष गेलं."

मार्चमध्ये मात्र ते मोकळे होते. त्यांचा माल फेब्रुवारीतच निघतो आणि पुढची छाटणी थेट एप्रिलमध्ये. मी स्पष्टच सांगितलं, की मार्चमध्ये तिथे एक घड दिसायचा नाही, नुसत्या काड्या असतील.

अण्णांनी विचारलं, "मग छाटणी चालली असंल?"

असेल, मी म्हणाले. तिकडे थंडी सरताना छाटतात.

"मंग मार्चच धरा. घड बघायला व्यापारी येत्यात. काडीकडं कोण बघतं? त्यांची कात्री कशी चालती, ते बघायचंय मला."

प्रशांतने ते ऐकलं आणि मान खाली घातली. आम्ही दोघं दोन दिवस द्राक्षांवरून भांडत होतो, आणि ज्यांना जायचं होतं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

मग मी त्या गावातल्या गेस्टहाउसला फोन केला. वाइनचं टेस्टिंग नको, फक्त छाटणी दाखवा, म्हटलं. मालकाने तीनदा विचारून खात्री करून घेतली. अण्णा निफाडहून स्वतःची कात्री आणणार होते. ती हँडबॅगेत ठेवू नका, चेक-इनच्या बॅगेत टाका, एवढं मात्र मी प्रशांतला दोनदा बजावलं.

मार्चमध्ये त्याने व्हिडिओ पाठवला. अण्णा आणि तो मालक एकाच वेलीपाशी उभे होते. दोघांना एकमेकांच्या भाषेचं एक अक्षरही कळत नव्हतं. मालक काडीवरच्या एका डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, बोट ठेवायचा, अण्णा मान हलवून दुसऱ्यावर ठेवायचे. शेवटी मालकाने हसून बाजूला होत जागा दिली आणि अण्णांनी निफाडच्या कात्रीने ती काडी छाटली.

परत जायच्या आधी अण्णा ऑफिसात आले. "काडी आपल्यापेक्षा आखूड ठेवतो तो मालक," म्हणाले. "आन् ताई, वाइनचं गाव हाय हे मला ठावं होतं. रांजण कसे धुतात, तेबी बघून आलो."

आता नवा क्लायंट आला की कधी जायचं हे मी नंतर विचारते. आधी विचारते, काय बघायचंय, आणि ते बघायचंय कुणाला.