वहिनीचं वावर

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी दुपारचा चहा घेत होते. "आत्या, आई गेली," एवढंच तो म्हणाला. आजारी वगैरे नव्हती. जेवली, जराशी पडली, आणि उठलीच नाही... इंदूवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. महिना उलटून गेला, पण तिचा विषय निघाला की मला ती म्हातारी आठवतच नाही. आठवते ती एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांतली, नवी नवरी, पदर खोचून, जमिनीवर गुडघे टेकून चित्र रंगवत बसलेली.

कामरगावपासून कोसाभरावर आमचं गाव. शेती मोठी, आणि घराला पडदा. आमच्यातल्या बायका घराबाहेर पडायच्या त्या दमणीत बसून, म्हणजे छपराच्या बैलगाडीत, दोन्ही बाजूंचे पडदे सोडून. वहिनी अमरावतीच्या ड्रॉइंग मास्तरांची मुलगी. दागिने बेताचेच होते, पण सोबत तिने रंगाच्या नळ्यांची एक लाकडी पेटी आणली होती आणि वडिलांनी जमवलेली छापील विलायती चित्रं. सगळी खेड्यापाड्यांची. गवताने भरलेली गाडी, मेंढरं घेऊन घरी निघालेली पोरगी, कापणी झालेल्या शेतात वाकून कणसं वेचणाऱ्या तीन बाया. मांजरपाटाला सरस लावायचा, वर चौकटी आखायच्या, आणि ते तळहाताएवढं चित्र भिंतीएवढं करायचं, असं तिचं काम चाले. रंगात घालायला जवसाचं तेल घरचंच होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, हे पाहून चिडतील अशी मला धास्ती होती. झालं उलटंच. त्यांनी त्या तीन बायांचं चित्र बैठकीत लावलं. येणारा-जाणारा वाहवा करू लागला. मग काय, कोणाचं लग्न असो, कोणाची वास्तू असो, आबांचा निरोप आत यायचा, "सूनबाई, वाशीमच्या वकिलायच्या घरी द्यायचं हाय. तेच काढजो, बायायचं." तेच. दरवेळी तेच. वहिनीची चित्रं वाशीम, कारंजा, शिरपूर फिरत होती, आणि ती स्वतः माजघरामागच्या त्या खोलीत बसून पुन्हा चौकटी आखत होती. एकदा ब्रश खाली ठेवून म्हणाली, "मालूबाई, या तिघीले मी इतक्या डाव वाकवलं, का आता माह्याच पाठीत कळ निघते."

माझं लग्न ठरलं. आबांना माझ्या सासरी सगळ्यात मोठं चित्र पाठवायचं होतं. त्या दिवशी वहिनी दाराआड उभी राहून प्रथमच आपणहून बोलली.

"मामाजी, एक डाव आपलं वावर पाह्यचं हाय. पाहून काढीन म्हनते."

"कायले? चित्रात हाय ना वावर!"

"ते त्यायचं हाय, मामाजी. आपलं मी अजून पाह्यलंच नाई."

आबांनी हातातली सुपारी कातरून संपवली, मग म्हणाले, "बरं. दमणी जुंपाले सांगतो."

कापसाची वेचणी चालली होती. मी तिच्यासोबत होते. दमणी धुऱ्यावर, बांधाशी, जाऊन थांबली, आणि वहिनीने उतरायला पाय खाली सोडला, तोच बाहेरून आबांचा आवाज आला, "उतरायचं नाई. मानसं हायत." तिने पाय आत ओढून घेतला. मग दोन बोटांनी पडद्याची कड जराशी सरकवली आणि फटीला डोळा लावून बसली. मला काहीच दिसत नव्हतं, फक्त तिच्या गालावर पडलेली उन्हाची रेघ दिसत होती. बैल मान हलवत होते. बायांच्या बोलण्याचा, हसण्याचा आवाज येत होता. कुणीतरी कुणाला तरी "अवं, पानी आन ना" म्हणून हाक मारली. थोड्याच वेळात आबा म्हणाले, "झालं काय?" आणि दमणी वळली.

"दिसलं का, वहिनी?"

"दिसलं," ती म्हणाली.

आठवडाभर तिने खोलीचं दार लोटून ठेवलं. चित्र बैठकीत आणलं तेव्हा आम्ही सगळे पाहत राहिलो. दोन्ही बाजूंना नुसता निळा पडदा, चुण्यांसकट, जवळजवळ सगळ्या कापडभर. मधोमध अरुंद पट्टी, आणि त्या पट्टीत फुटलेल्या कपाशीची पांढरी पऱ्हाटी, बाभळीची फांदी, एका बाईची लाल लुगड्यातली पाठ. त्या बाईचा हातही पुरा आलेला नव्हता.

"हा पडदा कायले मधात?" आबांनी विचारलं.

"जे दिसलं ते काढलं, मामाजी."

"पुसून टाक तो. आभाळ काढ तिथं."

"नाई पुसनार."

आमच्या घरात आबांना असं कोणी म्हटलं नव्हतं. भाऊ खाली पाहू लागला. आबा ओरडले नाहीत. त्यांनी गड्याला बोलावलं, रंगांची पेटी उचलून धान्याच्या कोठीत ठेवायला लावली आणि कुलूप घातलं. माझ्या लग्नात बैठकीतलं जुनं चित्र दिलं गेलं. वहिनीचं हे पडद्याचं चित्र गुंडाळी होऊन माझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली आलं. तिनेच ते ठेवलं होतं.

सासरीही पडदाच होता. ट्रंक उघडली तेव्हा सासूबाई जवळ बसल्या होत्या. मी घाबरले. त्यांनी गुंडाळी सोडली, चित्र मांडीवर घेतलं, त्या पट्टीवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "आमच्या दमनीचा पडदा बी निळाच होता." आणि ते त्यांनी माजघरात लावलं, जिथं पुरुष येत नसत.

त्या दशकाच्या शेवटी आबा गेले. भावाने पहिलं काम केलं ते कोठीचं कुलूप काढून पेटी वहिनीपुढे ठेवण्याचं. नळ्या वाळून दगड झाल्या होत्या. तो म्हणाला नव्या आणू, ती म्हणाली राहू द्या. मग एक दिवस तो तिला पायी वावरात घेऊन गेला. मी माहेरी आले होते, मीही गेले. भर उन्हात ती धुऱ्यावर उभी राहिली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि कावरीबावरी होऊन माझा हात धरला.

"लय मोठं हाय, मालूबाई... पाहावं कुठून?"

तिने पुन्हा ब्रश हातात घेतला नाही.

मी तिला शेवटची भेटले ती गेल्या दिवाळीत. पुतण्याने सडकेला लागून नवं घर बांधलं आहे. गॅलरीसमोर भिंत नाही, झाड नाही, नजर जाईल तिथवर तूर आणि कपाशी. वहिनी तिथं खुर्चीत बसली होती, पदराची कड दोन बोटांत धरून गालाशी आडवी घेतलेली.

"वहिनी, इथं कोन हाय पाहाले? सोडा ना पदर."

"म्हाईत हाय मले," ती समोरच पाहत म्हणाली. "असं धरलं का नीट दिसते."

मी तिच्याशेजारी बसले. थोड्या वेळाने मीही माझा पदर तसाच धरून पाहिला.