तीन परिच्छेदांचा नकार

मसुदेबुवांना आयुष्यात कुणाला तोंडावर नाही म्हणता आलं नव्हतं, आणि पोटासाठी त्यांनी नेमकं नकार लिहिण्याचं काम धरलं होतं. नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या एका फर्मच्या सातव्या मजल्यावर, काचेच्या बैठकीच्या खोलीबाहेर त्यांचं टेबल होतं. वर्षाकाठी हजारभर माणसं आपापली कल्पना घेऊन त्या खोलीत शिरत. पैसे दहा-बाराजणांना मिळत. उरलेल्यांना बुवांचं पत्र जाई.

या धंद्यात सरळ नकार कुणी देत नाही. "दहातल्या नऊ कंपन्या बुडतात, बुवा," फर्मच्या मॅडम समजावत. "दहावी सगळ्यांचं भरून काढते. ती कोणती हे आधी कळत नाही, म्हणून कुणाशीच वाकडं घ्यायचं नाही." त्यामुळे पत्रात तीन परिच्छेद. पहिल्यात कौतुक, दुसऱ्यात बाजाराविषयी दोन गंभीर वाक्यं, तिसऱ्यात भेटत राहण्याची इच्छा. पंधरा वर्षांत 'नाही' हा शब्द बुवांनी एकदाही वापरला नव्हता. पत्र वाचून कित्येकजण उलट आभार मानत.

मग एका मंगळवारी त्या खोलीत त्यांचा धाकटा मेव्हणा शिरला, बुवांना न सांगता, नवा कोट घालून. मेव्हण्याची बावीस वर्षांची चालती लाँड्री होती, आणि लाँड्रीत जोडीदार हरवलेल्या मोज्यांचं एक पोतं. शहरभरच्या लाँड्र्यांतले असे एकटे मोजे एका ॲपवर आणायचे आणि त्यांच्या जोड्या जुळवायच्या, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

दार किलकिलं होतं. बुवा कान देऊन बसले.

"बाजार केवढा आहे?" मॅडमशेजारी बसलेल्या फर्मच्या साहेबांनी विचारलं.

"माणशी दोन पाय," मेव्हणा म्हणाला.

"पाच वर्षांत शंभरपट वाढ कशी होणार?"

मेव्हणा जरा विचारात पडला. "पाय काही वाढायचे नाहीत, साहेब. पण मोजे हरवण्याचं प्रमाण वाढवता येईल."

"आणखी कोण पैसे घालतंय?"

"बायको. तिला अजून सांगितलेलं नाही."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली. ती रेघ बुवांना ओळखीची होती. दुपारी त्यांनी पत्र लिहिलं. घरचा माणूस म्हणून जरा जास्तच जीव ओतून लिहिलं.

गुरुवारी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा बायकोचा चेहरा उजळलेला होता. "आमच्या धाकट्याचं काम झालं म्हणे तुमच्याकडे. उद्या अकराला लाँड्री विकून टाकतोय. गिऱ्हाईक सह्या करायला येणार आहे. पत्र तुम्हीच लिहिलंत?"

"मीच," एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

"किती छान लिहिलंय," बायको म्हणाली.

शुक्रवारी दहा वाजता बुवा लाँड्रीत पोचले. वाफेनं काचा पांढऱ्या झाल्या होत्या. ते पत्र मेव्हण्यानं भिंतीवर लावलं होतं, तेही इस्त्री फिरवून.

"या भाऊजी. आता तुमचे कपडे फुकट धुऊन द्यायचे दिवस संपले."

"अरे, मी काय म्हणतो, घाई कशाला," बुवांनी सुरुवात केली.

"घाई? इथे लिहिलंय, 'आपल्या कल्पनेनं आम्ही भारावून गेलो.'"

"तो पहिला परिच्छेद. पहिल्यात आम्ही भारावतोच. गेल्या आठवड्यात आम्ही झोपलेल्या माणसाची उशी पालटणाऱ्या यंत्रानं भारावलो होतो."

"त्यांना दिले पैसे?"

"दुसरा परिच्छेद वाच."

"'बाजार अद्याप आकार घेत आहे.' मग घेईल की."

"म्हणजे गिऱ्हाईक कुणी दिसत नाही."

मेव्हणा भिंतीजवळ गेला आणि तिसरा परिच्छेद त्यानं ओठ हलवत वाचला. "'आपला प्रवास आम्ही आस्थेनं पाहत राहू.' पाहत राहणार म्हणजे जवळून ना?"

बुवांच्या कपाळावर घाम आला. वाफेचाही असेल. घड्याळात पावणेअकरा झाले होते. बावीस वर्षांचं दुकान त्यांच्या सुबक भाषेपायी पाव तासात दुसऱ्याचं होणार होतं. त्यांनी काउंटर घट्ट धरला.

"नाही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक आला की त्यांनी पुन्हा म्हटलं. "पैसे देणार नाहीत. आज नाही, पुढेही नाही. दुकान विकू नकोस."

मेव्हण्यानं भिंतीवरच्या पत्राकडे बोट दाखवलं. "एवढंच होतं तर तीन परिच्छेद कशाला खर्ची घातलेत?"

"त्याचाच पगार मिळतो रे."

"आणि मी कोट शिवून घेतला."

"कोट चांगला होता. मॅडमही म्हणाल्या."

"ते खरं की पहिला परिच्छेद?"

"खरं," बुवा म्हणाले, आणि ते खरंच होतं.

मेव्हण्यानं दुकान घेणाऱ्या गिऱ्हाइकाला फोन लावला. बुवा मधाळ प्रस्तावनेची वाट बघत होते. "दुकान विकत नाही," मेव्हणा म्हणाला, हूं हूं केलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

"एवढंच?"

"आणि त्याचे दोन सूट चारला घेऊन जातो म्हणाला. घड्या घालणाऱ्या बाईंना मी कालच कामावरून निरोप दिलाय, तुमचं पत्र वाचून. तेव्हा भाऊजी, बाह्या वर करा."

बुवांनी ऑफिसला फोन करून रजा घेतली. चार वाजेपर्यंत त्यांनी एकसष्ट सदऱ्यांच्या घड्या घातल्या, आणि मेव्हण्यानं त्यातल्या अठ्ठेचाळीस कसलीही प्रस्तावना न करता परत उलगडल्या.