भानुदासमामांचे पोलिस

हातात ग्लोव्हज, समोर ट्रे, सिरिंजमध्ये भुलीचं औषध भरलेलं. आणि भानुदासमामांच्या गालावर कापायला गाठच नव्हती!

"सिस्टर, पेशंट हेच ना?"

"हेच मॅडम. बायोप्सीच्या वेळी माझा हात पिरगाळला होता, विसरीन का?"

मी जालन्यात त्वचेच्या आजारांची डॉक्टर. मामा तीर्थपुरीकडचे, थोडी शेती, थोडी मेंढरं. बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. ती मीच केली होती आणि रिपोर्ट स्पष्ट होता: त्वचेचा कॅन्सर. पण कापूस वेचणी झाल्याशिवाय ते ऑपरेशनला यायला तयार नव्हते. आता आले, तर बोराएवढ्या गाठीच्या जागी नुसता पांढरट वण.

"लेप लावला," मामा खुशीत म्हणाले. "मेंढराच्या जखमेला लावतो तोच. हळद आन तंबाखू."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं घासून आम्ही शिकायचं आणि नाव तंबाखूचं! मी स्टूल ओढलं आणि समजावायला बसले.

"मामा, अंगात पांढऱ्या पेशी असतात. त्या म्हणजे गस्तीचे पोलिस. कॅन्सरची पेशी मूळची घरचीच, म्हणून पोलिस तिला हटकत नाहीत. तुमचा तुकडा काढला, तिथं गडबड उडाली, पोलिसांना संशय आला आणि त्यांनी गाठ साफ केली असावी. असं क्वचित होतं, तेही काही प्रकारच्या गाठींतच. का होतं, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

"बिलकुल बराबर!" दारातून आवाज आला.

हे थोरले भाऊ, ज्ञानोबामामा. पुढचा नंबर त्यांचाच. जीपचा खर्च एकदाच व्हावा म्हणून दोघांनी एकच तारीख मागितली होती. यांच्या टाचेवर काळा डाग. मेलानोमा, त्वचेच्या कॅन्सरमधला सगळ्यात बेरकी.

"माझाबी तुकडा काढलाय की तुम्ही. मंग येऊ द्या माझे पोलिस. मी थांबतो."

"अहो, तुमचा डाग कमी झालाय का?"

"न्हाई. वाढलाय. पण येतील की! एका आईचं दूध पिलोय आम्ही. त्याच्या पोलिसाला जमलं ते माझ्या पोलिसाला का जमणार न्हाई?"

आणि ते ऑपरेशनचा गाऊन सोडायला लागले. मी हात जोडले. आज हे टाचेच्या कातडीपुरतं आहे, उद्या जांघेत गेलं, फुप्फुसात गेलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं परोपरीनं सांगितलं. ज्ञानोबामामांनी टोपी चढवली. मी खरंच घाबरले. असे 'थांबलेले' पेशंट मी पाहिलेत, आणि त्यांच्या घरच्यांचे चेहरेही.

बाहेर बाकावर त्यांची बायको कौसाबाई बसली होती. तिला सगळं सांगितलं. ती तडक आत. सिस्टर ओरडली, "अहो मावशी, चप्पल!"

"ह्यांचे पोलिस?" कौसाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मॅडम, ह्यांचे पोलिस ह्यांच्यावरच गेले असतील! लांडगा कळपात शिरल्ता, तवा हे बाभळीखाली घोरून राह्यले व्हते. हाकलला कुणी? भावजींनी! झोपा गुमान त्या टेबलावर."

भानुदासमामांनी जोरात मान हलवली. सिस्टर तोंड फिरवून हसत होती. ज्ञानोबामामांनी टोपी काढून बायकोच्या हातात दिली आणि मुकाट्यानं आडवे झाले.

डाग मोठ्या कडेसकट काढला, मांडीची कातडी टाचेवर लावली. टाचेचा कॅन्सर पसरला तर आधी पोचतो ती जांघेतली ग्रंथी काढून तपासली, ती स्वच्छ निघाली. भानुदासमामांच्या वणाचाही तुकडा तपासला. कॅन्सर औषधालाही नाही, नुसती पांढऱ्या पेशींची गर्दी. दोघं भाऊ अजून चेकअपला येतात, एकाच जीपनं.

पोलिसांची गोष्ट मी अजूनही पेशंटना सांगते. फक्त आता टाके घालून झाल्यावर.