शालिग्रामचं पाचवं घर

बारा वर्षांत झुंबरबाईचं बिऱ्हाड धुळ्यात पाच घरं फिरलं, आणि पाचही घरं स्वतःच्या मालकीची. ऐकणाऱ्याला वाटेल, काय बाईचं भाग्य! भाग्य कसलं डोंबलाचं!

तिचा नवरा शालिग्राम कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, हंगामी मजूर. गाठीला काही नाही, पण दोन हात धडधाकट आणि डोक्यात एकच खूळ. मालक सुरतेकडे निघून गेलेलं एखादं पडकं घर मातीमोलानं घ्यायचं, नवराबायकोनं त्यातच राहून ते उभं करायचं, विकायचं, की पुढचं पडकं! माती तो तुडवी, पाट्या ही वाही. तो भिंत चढवी, ही लिंपी, सारवी. चूल नीट पेटायला लागली, कोनाड्यात देव बसले, की शालिग्राम गिऱ्हाईक घेऊन दारात हजर. दोन घरं त्यानं विकली, दोन भाड्यानं दिली. भाडेकरू कोरड्या खोल्यांत पाय पसरून झोपत, आणि घरमालकीण पावसात चुलीवर पोतं ताणून भाकरी थापी. "अजून एकच," तो म्हणे. एकच एकच करता झुंबरबाई पंचेचाळिशीतच पार थकून गेली.

कळस झाला तो एकोणसाठ सालच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला. आखाजीला लेक माहेरी येणार, हे खानदेशात सांगावं लागत नाही. ताईबाई शिंदखेड्याला दिलेली. तिला आणायला बापानं जायचं, तर बापाची त्याच दिवशी या पाचव्या घराच्या धाब्यावर, सपाट छपरावर, माती चढत होती! शेवटी पोर दिराबरोबर आली आणि थेट जुन्या घरी गेली. ते विकल्याचं तिला कळवायचंच राहून गेलेलं. दारात परकी बाई. "कोण पाहिजे?" आपल्याच हातानं लिंपलेल्या भिंतीसमोर ताईबाई पिशवी घेऊन उभी राहिली. मग शेजारणीला पत्ता विचारत, उन्हातून फिरत ती इथवर आली आणि आईच्या गळ्यात पडली.

"मनं माहेर कोठे शे, वं माय?"

झुंबरबाईनं तिच्या हातातली पिशवी घेतली. या घरातून आता हलायचं नाही, एवढंच तिनं मनाशी धरलं. पण नवऱ्याला सांगायचा धीर होईना. त्यानं आजवर ऐकलं होतं कधी?

लेक सासरी गेली आणि आठ दिवसांत शालिग्राम गिऱ्हाईक घेऊन आला. कापडवाल्याची बायको, कमलबाई. बाईला घर भारी आवडलं. पावसाळा तोंडावर, आणि वर सपाट मातीचं धाबं. तेव्हा पहिला प्रश्न ठरलेलाच.

"अक्का, खरं सांगा. धाबं गळतं का हो?"

याचं उत्तर दर वेळी झुंबरबाईच देई, कारण बायकांचा विश्वास घरात चूल पेटवणाऱ्या बाईवर. शालिग्रामच्या हातचं धाबं गळत नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. तो आपला दारात मिशीवर हात फिरवत उभा.

"गळतं," झुंबरबाई म्हणाली.

बोलून गेली आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आता हा चारचौघांत ओरडणार!

कमलबाई वळली. "काय हो भाऊ?"

शालिग्रामचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं वर धाब्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिच्या भेगाळलेल्या टाचांकडे, मातीनं कायमच्या काळ्या पडलेल्या नखांकडे.

"गळतं," शेवटी तो म्हणाला. "माझ्याच हातचं आहे, पण गळतं."

कमलबाई पदर सावरून निघून गेली. संध्याकाळपर्यंत ही बातमी बाजारभर होणार, हे दोघांनाही कळत होतं. शालिग्राम पायरीवर मटकन बसला.

"आते मना हातनं घर कोनीच लेनार नही."

"नको लेवोत," झुंबरबाई म्हणाली. "आपन राहूत ना!"

आणि भरदुपारी, सगळी कामं तशीच टाकून, ती त्याच्या शेजारी बसली.