तिसऱ्या इयत्तेतला काचवाला

मोठी काच दोघांनी न्यायची असते. पुढचा वाट बघतो, मागचा शेपूट सांभाळतो. पुढच्याला मागचं दिसत नाही, मागच्याला पुढचं. म्हणून सांगत चालायचं. शब्द मोजके. "पायरी." "वळण." "थांब." ज्याला दिसलं त्याने बोलायचं, ज्याने ऐकलं त्याने करायचं. का आणि कशाला, हे काच टेकवल्यावर.

काचवाला कायम पुढे असे. पुढे चालून चालून त्याची मान ताठ झाली होती, आणि ताठ मानेचा माणूस स्वतःला उंच समजू लागतो. मागच्या टोकाला त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. बहिणीच्या लग्नानंतर महिन्याभरात तो त्या टोकाला आला आणि केस पांढरे झाले तरी तिथेच होता. दोघांची पावलं इतकी जुळलेली, की काच नसताना रस्त्याने निघाले तरी एकापाठोपाठ एक चालत. लोक हसत.

त्या वर्षी त्यांना नव्या कॉलेजचं काम मिळालं. ठेकेदाराने साफ सांगितलं, "आधी खिडक्या. शेवटी दर्शनी दाराची मोठी काच, अखंड. ती नीट बसली तर शेजारच्या ग्रंथालयाचं काम तुमचंच. नाही बसली तर राम राम."

कॉलेज सुरू झालेलं होतं, खिडक्या व्हायच्या होत्या. त्यामुळे तळमजल्याच्या लांब वर्गात एका बाजूला मॅडम शिकवत आणि दुसऱ्या बाजूला हे दोघे ठोकत. विषय होता समाजशास्त्र. मॅडमचा आवाज बसलेला असे.

"काका, जरा हळू ठोकता येईल का?"

"हळू ठोकलं तर खिळा हसतो, मॅडम."

मुलं तेवढ्यापुरती जागी होत.

काचेच्या कडेने लांबीचा लगदा भरताना हात कामात असतात आणि कान रिकामे. रिकाम्या घरात कोणीही शिरतं. मेहुणा असं काही कानात घेत नसे. काचवाल्याने मात्र घेतलं. मॅडम सांगत होत्या, की या शास्त्राला नाव दिलं एका फ्रेंच गृहस्थाने. आधी त्याने वेगळं नाव ठेवलं होतं, सामाजिक भौतिकशास्त्र. ते एका आकडेमोड करणाऱ्याने वापरलं, म्हणून याने चिडून नवीन नाव घडवलं, अर्धं लॅटिन आणि अर्धं ग्रीक. रागाच्या भरात केलेला जोड सुटतो, हा काचवाल्याचा अनुभव. हा सुटला नाही, म्हणजे माणूस भारी असणार. काचवाल्याने त्याचं नाव ठेवलं 'संस्थापक'. खरं नाव त्याच्या जिभेवर बसत नव्हतं.

त्याच्या साडेचारशे वर्षं आधी उत्तर आफ्रिकेतल्या एका काजीने, माणसांचे गट कशाने एकत्र राहतात आणि कशाने फुटतात, हे लिहून ठेवलं होतं, असंही मॅडम म्हणाल्या. पण तेव्हा काचवाला नेमका खिळा ठोकत होता.

संस्थापकाचा मोठा सिद्धांत त्याने स्वच्छ ऐकला. माणसाची बुद्धी तीन अवस्थांतून जाते. पहिल्या अवस्थेत त्याला प्रत्येक वस्तूत कोणीतरी बसलेलं दिसतं, देव, भूत, काहीही. दुसरीत तो देवाच्या जागी मोठे शब्द बसवतो, निसर्ग, स्वभाव, मूळ तत्त्व. तिसरीत तो हे सगळं सोडतो, नुसतं बघतो, कशामागून काय येतं ते नोंदतो आणि नियम काढतो.

काचवाला स्वतः तीन इयत्ता शिकलेला. त्याला हे फार पटलं.

संध्याकाळी त्याने घरी वर्ग भरवला. बायको चुलीपाशी भाजी चिरत होती, मेहुणा नेहमीप्रमाणे चहाला थांबला होता.

"तू पहिलीत आहेस," तो बायकोला म्हणाला.

"कशात पहिली?"

"पहिलीत. काच निघाली की तिला म्हणतेस ना, 'नीट जा गं बाई'? म्हणजे तुला वाटतं, काचेत कोणी आहे."

"मग इतकी वर्षं नीट जातेय ना ती?"

"आणि हा दुसरीत. काच तडकली की म्हणतो, काचेचा स्वभावच तसा. स्वभाव म्हणजे काय? दाखव बरं स्वभाव."

मेहुण्याने कपातून वर पाहिलं. "भाऊजी, तुमचा दाखवू का?"

"आणि तुम्ही कितवीत?" बायकोने विचारलं.

काचवाला नुसता हसला. त्या हसण्यावरूनच बायकोने ओळखलं, की आता काही दिवस कठीण जाणार.

गेलेच. शेजारच्या शिंप्याला दुसरी मिळाली. दूधवाल्याला पहिली. ठेकेदाराला आधी तिसरी दिली होती, पण त्याने एक बिल अडवलं तेव्हा काढून घेतली. गल्लीत त्यालाच नाव पडलं, तिसरी. "तिसरी निघाली कामाला," असं लोक म्हणत, आणि त्याला तो मान वाटे.

त्या वर्गातली शेवटची खिडकी भरत असताना त्याने संस्थापकाची आणखी एक गोष्ट ऐकली. मेंदू स्वच्छ राहावा म्हणून त्या गृहस्थाने दुसऱ्यांचं वाचणंच बंद केलं होतं. पुस्तकं नाहीत, वर्तमानपत्रं नाहीत. जगातल्या सगळ्या माणसांचा विचार करायचा, आणि माणसांचं ऐकायचं नाही. यापुढे मॅडम काय बोलल्या ते काचवाल्याने ऐकलं नाही. खिडकी झाली होती. काम झालं की तिथे रेंगाळायचं नाही, ही त्याची शिस्त. चांगली शिस्त. पण त्यामुळे संस्थापक त्याच्याकडे अर्धाच आला.

वाचण्याचा प्रश्न त्याला नव्हताच. त्याने ऐकणं बंद केलं. मेहुणा काही बोलला की तो समोर बघत राही. बायको मीठ संपल्याचं सांगे, तो मान हलवी आणि दुसऱ्या दिवशी अळणी भाजी खाऊन मीठ नसण्याचा नियम शोधे.

"अहो, कान दुखतोय का?"

"स्वच्छता पाळतोय."

"मग मोरी घासा."

आठवड्याभरात वरच्या मजल्यावरच्या जिन्याची काच आली. दोघांनी उचलली. उचलताना जोर हातात नसतो, गुडघ्यात असतो. तो बरोबर लागला. पायऱ्या बरोबर झाल्या. दारातून वळताना मागून मेहुणा म्हणाला, "थांब."

काचवाल्याने ऐकलं. ऐकलं नाही असं तो पुढचे काही दिवस म्हणत होता, पण ऐकलं. त्याच्या डोक्यात आलं, दुसरीतला माणूस तिसरीतल्याला थांब म्हणतो. आणि त्याने एक पाऊल टाकलं.

मागचा कोपरा चौकटीला लागला. मोठी काच फुटते तेव्हा आवाज नंतर येतो. आधी हातातलं वजन जातं.

कोणाला लागलं नाही. मेहुण्याने काच उचलायचा पट्टा खांद्यावरून काढला, घडी केली आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

"काचेचा स्वभाव," काचवाला म्हणाला. त्याला वाटलं, विनोदाने निभेल.

"भाऊजी, मी मागे चालतो तेव्हा मला तुमची पाठ दिसते, बाकी काही नाही. तुम्ही म्हणाल तिथे मी पाय टाकतो. डोळे मिटून. माझ्या एका शब्दाला तुम्ही थांबणार नसाल तर दुसरा माणूस बघा. चौथीतला मिळाला तर उत्तमच."

तो गेला. दर्शनी दाराची काच चार दिवसांवर आली होती.

घरी बायको रडली नाही, भांडलीही नाही. तिने रोज एक कप कमी चहा टाकला आणि मेहुण्याचा कप धुऊन फळीवर पालथा घातला. काचवाल्याला समोर बसून तो पालथा कप बघावा लागे.

ठेकेदाराने एक दांडगा गडी दिला. दांडगा होता यात वाद नाही. पण त्याचा सगळा जोर पाठीत, आणि पाऊल कधी लांब, कधी आखूड. सरावाला दोघांनी जुनी फळी उचलली. गडी मागून सतत बोलत होता, "चला, चला, बिनधास्त चला." कोपरा दोनदा भिंतीला लागला तेव्हाही तो चलाच म्हणत होता. काचवाल्याच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं मेहुणा मागून गप्प असे तेही एक सांगणंच होतं.

त्याने फळी टेकवली आणि लांबी वाळली का बघायला म्हणून खालच्या वर्गात गेला. लांबी केव्हाच वाळली होती. तास संपला होता, मॅडम फळा पुसत होत्या.

"मॅडम, त्या संस्थापकांचं पुढे काय झालं?"

"कोणाचं?"

"ते तीन अवस्थावाले. मेंदू स्वच्छ ठेवणारे. माझी खिडकी तिथे संपली."

मॅडमनी डस्टर खाली ठेवलं. वर्षभरात पुढे काय झालं असं विचारणारा त्यांना पहिलाच माणूस भेटला होता.

"बायकोशी पटलं नाही. ती सोडून गेली. मग दुसऱ्या एका स्त्रीवर जीव जडला, ती वारली. नंतर त्यांनी एक धर्म काढला."

"कशाचा?"

"माणुसकीचा. त्याचं कॅलेंडर केलं, संतांच्या जागी थोर माणसं घातली. प्रार्थना आल्या. मुख्य पुरोहित स्वतः."

काचवाला जवळच्या बाकावर बसला. "म्हणजे तिसरीतून थेट पहिलीत?"

"तसं म्हणता येईल."

"आणि त्यांचं सांगणं टिकलं कसं मग, कोणाचंच ऐकत नव्हते तर?"

"एका इंग्रज बाईंमुळे. त्यांचे सहा जाडे ग्रंथ त्या बाईंनी दोनांत आणले, थोडक्यात आणि स्वच्छ. इतकं चांगलं, की ते स्वतःच म्हणाले, माझ्याऐवजी हेच वाचा. तेच पुन्हा फ्रेंचमध्ये नेलं गेलं." मॅडम पर्स उचलत म्हणाल्या, "बाई बहिऱ्या होत्या. कानाला नरसाळ्यासारखा कर्णा लावून ऐकायच्या."

काचवाला मग उठून मेहुण्याच्या घरी गेला. पायी गेला. वाट लांबची होती, आणि मागे कोणी नसल्यामुळे पाऊल जमत नव्हतं.

मेहुणा ओट्यावर बसून फोटोच्या फ्रेमसाठी बारक्या काचा कापत होता. त्याने काच कापायच्या हिऱ्याची रेघ पूर्ण केली, मगच वर पाहिलं. काम अर्धं टाकून बघण्याइतका भाऊजी मोठा नव्हता.

"आज तिसरी लवकर सुटली?"

"नापास झालो."

"आणि ते तुमचे फ्रान्सवाले?"

"तेही. पहिलीत जाऊन बसले. तुझ्या बहिणीच्या शेजारी."

मेहुण्याने काच अलगद मोडली. कड सरळ आली. "माफी मागायला आलात की गोष्ट सांगायला?"

काचवाल्याने घसा साफ केला. मोठी वाक्यं त्याच्याकडे पुष्कळ होती. त्याने एक छोटं निवडलं. "तू थांब म्हणालास ते मी ऐकलं होतं."

"मला माहीत आहे. तुमची मान हलली होती." मेहुणा उठला. "येतो. पण पुढे मी."

काचवाला आयुष्यात मागे चालला नव्हता. त्याला हो म्हणायला जितका वेळ लागला, तेवढ्यात मेहुण्याने आणखी एक काच कापली.

दर्शनी काचेच्या दिवशी बायको काचेच्या गोदामाशी आली. दोघांनी पट्टे घातले आणि उभे राहिले. कोणी उचलेना.

"काय झालं?" तिने विचारलं.

"तू म्हण ना," काचवाला मागून म्हणाला.

"नीट जा गं बाई," ती म्हणाली. मग काच उचलली.

मागून जग वेगळंच होतं. जग नव्हतंच. मेहुण्याची मान होती, तिच्यावर घामाचा ओघळ, आणि आवाज. "पायरी." काचवाल्याने पाय टाकला. "आणखी एक." टाकला. इतक्या वर्षांत आपण हे शब्द किती वेळा उगाच घाईने फेकले, हे त्याला प्रत्येक पायरीला कळत होतं. दारापाशी वळताना त्याला आपल्याकडचा कोपरा दिसला, चौकटीपासून बोटभर.

"थांब," तो म्हणाला.

मेहुणा थांबला. पाय हवेत होता, तो तसाच ठेवून थांबला. विचारलं काही नाही. काचवाल्याला ते कोणत्याही शिवीपेक्षा जास्त लागलं.

काच बसली. ठेकेदाराने ग्रंथालयाचं काम दिलं. मॅडमनी दुरून हात केला, आणि मुलांनी नव्या काचेत केस नीट केले.

पण माणूस एकदा संस्थापक झाला की सहज बरा होत नाही. पंधरवड्याने काचवाल्याने स्वतःचा सिद्धांत काढला. जगात दोनच जातीची माणसं, पुढची आणि मागची. सगळी भांडणं त्यातून निघतात. संध्याकाळी तो बायकोपुढे आणि मेहुण्यापुढे उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "मानवजातीच्या आरंभापासून पाहिलं, तर..."

बहिऱ्या बाईंची गोष्ट तोपर्यंत त्याने स्वतःच त्यांना तीनदा ऐकवली होती. मेहुण्याने चहाचा कप खाली ठेवला, वर्तमानपत्राचं एक पान काढलं, त्याचं नरसाळं वळलं आणि कानाला लावलं.

"बोला भाऊजी," तो म्हणाला. "पण दोन ग्रंथांत."