डाव्या कोपऱ्यातला हात

घरात कबड्डीवाला नातू असला की किस्से जमवावे लागत नाहीत. पोह्याच्या पापडांसारखे एकावर एक चढत जातात आणि चळत कधी उंच झाली ते कळत नाही. त्यातले सहा सांगते. आधी माणसं सांगून ठेवते. रूपेश हा माझा नातू, आम्ही गडब गावचे. अक्षय त्याचा दोस्त, खांबचा. दोघांना रोह्याच्या एका कंपनीनं खेळण्यासाठीच नोकरीला घेतलं. पगार कंपनीचा, काम कबड्डीचं, आणि निम्मं जेवण माझ्याकडे!

*

कबड्डीत बचावाला उभे राहणारे एकमेकांचे हात धरतात. त्याला साखळी म्हणतात. रूपेश डाव्या कोपऱ्याला, अक्षय त्याच्या शेजारी. अक्षयच्या तळव्याला घाम फार. म्हणून चढाई यायच्या आधी रूपेश त्याचा हात ओढून आपल्याच जर्सीला पुसायचा आणि मग धरायचा. जर्सी धुवायला टाकली की पोटावर मळका पट्टा ठरलेला.

मी म्हटलं, "अरे, त्याला एक रुमाल दे की."

तर म्हणतो, "रुमालानं नाय होत गो आजी."

*

मग टीममध्ये सागर आला. पोरगा चांगला, हसरा. कोचनं अक्षयला उजवीकडे सागरच्या शेजारी उभं केलं. त्या दिवशी समोरचा चढाईवाला रूपेशच्या अंगावरून जाऊन गुण घेऊन परत गेला, तरी याची मान उजवीकडेच!

कोच ओरडला, चढाई इकडे आणि तू तिकडे काय बघतोस?

"सागरनं हात चुकीचा धरलाय," रूपेश म्हणाला.

कोच म्हणाला, "हात बरोबर हाय. डोकं तुझं चुकीचं हाय."

*

त्याच वर्षी थंडीत आमच्या शेतात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, वर भांबुर्ड्याचा पाला, आणि भोवती जाळ. मडकं उतरवलं तशी सगळी टीम गोल करून बसली. सागर बिचारा सरळ मनाचा. शेंगा सोलून दाणे अक्षयच्या पानावर टाकत होता. रूपेश उठला, अक्षयसमोर बसला, ते दाणे सगळे आपण खाल्ले आणि त्या जागी स्वतः सोललेले ठेवले.

अक्षय म्हणाला, "एवढी भूक लागली होती?"

"व्हय."

सागरनं पुढची शेंग आपल्याच तोंडात टाकली.

*

अक्षयला रोह्यातलं एक स्थळ आलं. त्याच्या आईनं भोळेपणानं रूपेशलाच सोबत पाठवलं. पोहे आले, चहा आला. मुलीच्या वडलांनी विचारलं, मुलाला काही सवयी? अक्षय तोंड उघडायच्या आत आमचा बोलला, झोपेत लाथा मारतो, पायात पाय अडकवतो, पांघरूण ओढून घेतो.

वडील म्हणाले, "तुम्हाला बरंच माहीत आहे."

"टूरवर एका खोलीत मीच असतो. लाथा मलाच बसतात."

स्थळ तिथंच मोडलं. बाइकवरून परत येताना अक्षय हसून हसून दोनदा थांबला म्हणे. मग दोघं माझ्या ओटीवर येऊन बसले. मी आत भाकऱ्या थापत होते. बाहेर रूपेशचा आवाज आला, "तुला ती पसंत होती का?" अक्षय म्हणाला, "मला तू पसंत हायस. तू कधी विचारलंस?"

माझी भाकरी करपली. ती मीच खाल्ली.

पुढं रूपेशनं मला स्वतःहून सांगितलं. आजी, लग्नाच्या माणसावर जीव असतो ना, तसा माझा अक्षयवर हाय. मी म्हटलं, "मग आता तरी त्या सागरच्या मागं लागू नको."

*

पण ऐकतो कुठला! टीव्हीवरच्या मोठ्या लीगमध्ये अक्षयला पुण्याच्या टीमनं घेतलं, सागरलाही तिथंच घेतलं. रूपेशला दुसऱ्या टीमनं घेतलं, पण गुडघा दुखावला आणि तो घरी बसला. आम्ही दोघं टीव्ही बघायचो. अक्षय आणि सागर हातात हात घालून उभे दिसले की हा म्हणायचा, चॅनल बदल. मी बदलला की म्हणायचा, परत लाव.

एक मॅच जिंकल्यावर सागरनं अक्षयला उचलून घेतलं. त्या दिवसापासून रूपेशनं अक्षयचा फोन घेणं बंद केलं. महिना गेला, दुसरा गेला. शेवटी अक्षयनं मला फोन केला. आजी, टीमवाले म्हणतायत कायमचा इकडेच राहा, कंपनी सोड. रूपेश एकदा परत ये म्हणाला तर मी येतो. तो बोललाच नाय तर इकडंच राहतो.

मी निरोप दिला. रूपेश म्हणाला, "सागर हाय ना तिथं हात धरायला." आणि रात्री ताटावरून तसाच उठला.

*

आता शेवटचा. पेणला मैदानावर गावोगावच्या टीमची स्पर्धा होती. गडब विरुद्ध खांब. रूपेशचा गुडघा बरा झालेला. अक्षय त्याच्या गावासाठी खेळायला आला होता, दुसऱ्या दिवशी कायमचा पुण्याला जायचा होता. मी पुढच्याच खुर्चीवर.

आम्ही एका गुणानं मागं, वेळ संपत आलेली. अक्षय चढाईला आला. कबड्डी कबड्डी म्हणत सरळ डाव्या कोपऱ्यात, रूपेशच्या समोर. चढाईवाल्यानं दम सोडला की तो बाद, हे माझ्यासारखीलाही ठाऊक. अक्षयला नुसतं मागं फिरायचं होतं. तो उभा राहिला. कबड्डी म्हणायचं थांबला. सगळं मैदान ऐकत असताना म्हणाला,

"बोलणार हायस का नाय?"

पंचानं शिट्टी मारली. दम सुटला, खांबचा खेळाडू बाद, गडबला एक गुण, बरोबरी! आमची पोरं नाचायला लागली. रूपेशनं अक्षयचा हात पकडला होता. पंच जवळ आला आणि म्हणाला, अरे सोड, तो बाद झाला, पॉइंट मिळाला तुम्हाला.

रूपेश म्हणाला, "पॉइंट ठेवा तुमच्याकडे."

आणि अक्षयचा हात आपल्या जर्सीला पुसून पुन्हा धरला.